कार्पच्या कल्ल्यांवर पांढरट चट्टे: प्रतिजैविक द्यावे का?

प्रश्न: तळ्यातील पाणी 22 अंश सेल्सिअस असताना सामान्य कार्प मासे रोज मरत असून त्यांचे डोळे खोल गेले आहेत आणि कल्ल्यांवर पांढरट चट्टे पडले आहेत. प्रतिजैविक द्यावे का?

पहिले उत्तर: ही लक्षणे कोई हर्पिस या कार्प माशांना जडणाऱ्या विषाणूकडे बोट दाखवतात, हा आजार साधारणतः 16 ते 28 अंशांत उफाळतो आणि 80 ते 100 टक्के मासेही दगावू शकतात. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. आधी कल्ले व मूत्रपिंडाच्या नमुन्यांची पीसीआर चाचणी करावी.

दुसरे उत्तर: स्प्रिंग व्हायरेमिया हा कार्पचा दुसरा विषाणूजन्य आजार मुख्यतः 18 अंशांखाली आढळतो, त्यामुळे ती शंका मला कमी वाटते.

प्रश्नकर्ता: वाचलेले मासे दुसऱ्या तळ्यात हलवावेत का?

पहिले उत्तर: मुळीच नाही, निरोगी दिसणारे मासेही विषाणू वाहून नेतात. जाळीसुद्धा निर्जंतुक केल्याविना अन्यत्र वापरू नयेत.