फ्लॉरेन्सचा सोनेरी दरवाजा : मूळ संग्रहालयात आणि प्रतिकृती उंबऱ्यावर, हे योग्य आहे का? (‘उंबरठा’, ‘ओतकाम’ आणि ‘जुना चौक’ या टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

उंबरठा : इटलीतील फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाचा पूर्व दरवाजा शिल्पकार लोरेन्झो गिबर्टीने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षे खपून घडवला. १९९० साली तो पूर्णपणे उतरवून तेथे प्रतिकृती बसवण्यात आली आणि २०१२ पासून मूळ दरवाजा जवळच्याच संग्रहालयात, ओलावा कमी राखणाऱ्या काचेच्या पेटीत उभा आहे. जतन झाले हे मान्य. परंतु दार म्हणजे ऊन झेलणारी आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही फुकट दिसणारी वस्तू असते. ते जागच्या जागी ठेवून वेळच्या वेळी निगा राखणेच उचित ठरले असते.

ओतकाम : साध्या कांस्याला स्वच्छ करून मेणाचा थर देत राहता येते; येथे मात्र कांस्यावर सोन्याचा मुलामा आहे आणि सगळी अडचण त्या दोहोंच्या मधे आहे. दमट हवा मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून आत शिरते, खाली तांब्याचे क्षार धरतात, आणि हवेतील ओलावा कमीजास्त होईल तसे ते फुगून सोन्याला आतून फोड आणतात. अशा दुखण्यावर वरून पुसून काय होणार? दारावरील कोरीव चित्रांचे जे पट सुटे करता आले, ते रोशेल क्षाराच्या द्रावणात बुडवून साफ केले गेले. (हा क्षार टार्टारिक आम्लाचा, म्हणजे आपल्या आजीच्या चिंचेचा सोयराच.) चौकटीतून न निघणाऱ्या पटांसाठी लेझर वापरावा लागला. एवढे करून पुन्हा त्याच हवेत ठेवायचे? शिवाय ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात दहापैकी पाच पट निखळून पडले होते, हेही विसरू नये.

जुना चौक : ‘जागच्या जागी’ म्हणजे नेमके कुठे? गिबर्टीच्या आधीच्या आंद्रेआ पिसानो या शिल्पकाराचा दरवाजा आधी पूर्वेला होता. गिबर्टीच्या पहिल्या दरवाजासाठी तो दक्षिणेला गेला, आणि दुसरा, म्हणजे आपण बोलतो आहोत तो, तयार होताच तो पहिलाही उत्तरेला सरकवला गेला.

उंबरठा : सरकले खरे, पण दार म्हणूनच, त्याच इमारतीला. ओतकाम यांनी सांगितलेल्या क्षारांपुढे माझा निगेचा आग्रह टिकत नाही, तो मी मागे घेतो. तिकिटाचा आक्षेप मात्र कायम आहे : पाच शतके ज्यासाठी कोणी पैसे मोजले नाहीत, ते पाहण्यासाठी निदान त्या शहरातील रहिवाशांना तरी तिकीट का असावे?