मदत हवी आहे: दोन हॉल थ्रस्टर एकत्र लावले की आरपीएमध्ये २५ व्होल्टला उंचवटा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात २०० वॉटचे दोन हॉल थ्रस्टर (आयन वेगाने फेकून ढकल देणारी अवकाशयानाची इंजिनं) शेजारी लावून झोतातल्या आयनांची ऊर्जा मोजतोय. केंद्रांतलं अंतर १२ सेंमी, डिस्चार्ज २५० व्होल्ट, वायू झेनॉन. चार जाळ्यांचा आरपीए (जाळीवरचा व्होल्टेज वाढवत आयन अडवून त्यांची ऊर्जा मोजणारा प्रोब; त्याचं कवच उद्यमनगरात लेथवर करून घेतलंय) मधल्या अक्षावर १० सेंमी पुढे, तोंड सरळ. एकच थ्रस्टर चालू असला की शिखर १७० व्होल्टला येतं, अपेक्षा २३० ची. दोन्ही पेटवले की २५ व्होल्टजवळ मोठा उंचवटा. नायट्रोजनसाठी कॅलिब्रेट केलेला दाबाचा गेज ०.०१४ पास्कल दाखवतो. थ्रस्टर एकमेकांवर परिणाम करतायत असं म्हणायचं का?

प्रतिसाद १
इतक्यात नको. १७० चं उत्तर कोनात आहे. ६ सेंमी बाजूला, १० सेंमी मागे म्हणजे ३१ अंश. आरपीए फक्त जाळीला लंब घटक मोजतो, ऊर्जा कोज्या-वर्गाने घटते: २३० × ०.७३५ = १६९. प्रोब एका थ्रस्टरकडे ३१ अंश वळवा, शिखर २३० ला परत यायला हवं.

२५ व्होल्टचे बहुधा चार्ज एक्स्चेंजचे आयन (वेगवान आयन तटस्थ अणूकडून इलेक्ट्रॉन घेतो, मागे मंद आयन उरतो). झेनॉनसाठी गेजचा आकडा २.८७ ने भागा, खरा दाब सुमारे ०.००५ पास्कल. त्या दाबाला आयनाचा मुक्तपथ (अशा टक्करीपूर्वीचं सरासरी अंतर) दीड मीटरच्या आसपास, म्हणजे १० सेंमीत ६-७ टक्के आयनच मंद होतात. मोठा उंचवटा एवढ्यावर येत नाही. थ्रस्टरच्या तोंडाशी आयनीकरण न झालेला वायूच जास्त असतो.

म्हणून एक थ्रस्टर पेटवा, दुसऱ्यातून डिस्चार्जशिवाय नुसता झेनॉन सोडा. मग तोच झेनॉन टाकीच्या दूरच्या टोकाने सोडून दाब सारखा ठेवा. पहिल्या चाचणीत उंचवटा जास्त वाढला तर दोष जवळच्या वायूचा. पण थंड थ्रस्टर पेटलेल्यापेक्षा जास्त तटस्थ अणू सोडतो, त्यामुळे ही वरची मर्यादा समजा. दूरच्या टोकाच्या वायूसह डावा आणि उजवा वेगवेगळे मोजून बेरीज करा, पण प्रोबच्या प्रवाहांची, डेरिव्हेटिव्ह नंतर काढा. दोन्ही पेटल्यावरचा वक्र त्या बेरजेपेक्षा वेगळा असेल, आणि तो फरक जवळच्या वायूनेही भरून निघत नसेल, तरच खरा परस्परपरिणाम. प्लाझ्मा पोटेन्शियल (प्रोबजवळच्या प्लाझ्माचा स्वतःचा व्होल्टेज) एमिसिव्ह प्रोबने, म्हणजे तापवलेल्या तारेच्या प्रोबने, मोजून वजा करायला विसरू नका. एक थ्रस्टर आणि दोन्ही थ्रस्टर या मोजण्यांत ते बदललं तर शिखर आपोआप सरकेल.

प्रतिसाद २
जाळी तपासा. घनता १०^१६ प्रति घनमीटर, इलेक्ट्रॉन २ इव्ही धरले तर डीबाय लांबी (ज्या अंतरापलीकडे प्लाझ्मा विद्युत क्षेत्र झाकून टाकतो) ०.१ मिमी. छिद्र ०.२ मिमीपेक्षा मोठं असेल तर प्लाझ्मा आत घुसतो आणि वक्र खालच्या बाजूला पसरतो.

लेसर मिळाला तर आयनांचा वेग थेट मोजता येईल: ८३४.७ नॅनोमीटरने आयन उत्तेजित करून ५४१.९ वर प्रकाश टिपा. २३० इव्हीचा आयन १८.४ किमी/से., वेगामुळे वारंवारतेची (डॉप्लर) सरकण सुमारे २२ गिगाहर्ट्झ. डायोड लेसर तेवढं मोड न बदलता, म्हणजे मध्ये उडी न मारता, फिरतो का, ते आधी विचारून घ्या.

धागाकर्ता
छिद्र ०.२५ मिमी आहे. जाळी बदलतो, मग थंड वायूची चाचणी.