मदत हवी आहे: तीन कॉम्प्युटर, तीन लिनक्स, स्क्रायबस एकच कसं बसवू?

नमस्कार मंडळी. लालबागच्या आमच्या चाळीतल्या गणपतीची स्मरणिका यंदा माझ्या गळ्यात पडली आहे. मंडळाच्या खोलीत (म्हणजे जिन्याखाली) तीन कॉम्प्युटर आहेत, तिन्ही देणगीतले. देणाऱ्याने आपापल्या आवडीचं लिनक्स घालून दिलंय: मिंट 20.3, उबंटू 24.04 आणि फेडोरा.

तिन्हींवर स्क्रायबस 1.6 (पानं लावायचं सॉफ्टवेअर) हवंय, बस्स. फेडोरावर डीएनएफने (तिथली सॉफ्टवेअर बसवायची कमांड) एका ओळीत आलं. मिंटवर तशाच एपीटी कमांडने जुनं 1.5 आलं, आणि ते फेडोरावर लावलेलं पान घ्यायला कुरकुरतं.

मग शहाणपणा केला. पीपीएतली (उबंटूसाठीचा बाहेरचा पॅकेज-साठा) उबंटू 24.04 साठीची डेब फाइल, म्हणजे बसवायचं पॅकेज, मिंटवर टाकून पाहिली, दोन्हीकडे डेबच चालते ना! तर म्हणे लिबसी6 (सगळे प्रोग्राम वापरतात ती मूळ लायब्ररी) किमान 2.38 पाहिजे. मिंटकडे 2.31. ते जबरदस्तीने चढवू का?

उबंटूवर स्क्रायबसची अ‍ॅपइमेज घेतली, म्हणजे न बसवता चालणारी फाइल. 'एक फाइल, कुठेही चालवा' असं ऐकलं होतं. डबल क्लिक केलं की काहीच होत नाही. टर्मिनलमधून चालवली तेव्हा कळलं, तिला लागणारी लिबफ्यूज.एसओ.2 ही लायब्ररी सापडत नाही. फ्लॅटपॅकचंही (कुठल्याही लिनक्सवर चालणारं पॅकेज) सुचवलं कुणीतरी, पण त्याचा रनटाइम, म्हणजे सोबत लागणारा पाया, शेकडो एमबींचा आणि इथे नेट माझ्या मोबाइलचं. जाहिराती येऊन पडल्यात, काय करू?

प्रतिसाद:
लिबसीला हात लावू नका दादा, अख्खी सिस्टिम त्यावर उभी असते. मिंट 20.3 चा सपोर्ट एप्रिल 2025 मध्येच संपलाय, तिथे सरळ मिंट 22 टाका. उबंटूवर लिबफ्यूज2टी64 हे पॅकेज घाला. 22.04 मध्ये त्याचं नाव नुसतं लिबफ्यूज2 होतं, म्हणून नेटवरच्या जुन्या ओळींत तेच नाव दिसेल. आणि 'फ्यूज' नावाचं पॅकेज चुकूनही टाकू नका, ते आधीपासून असलेलं फ्यूज3 काढून टाकतं आणि त्याच्यासोबत डेस्कटॉपचे तुकडेही जातात. शिवाय फॉन्ट तिन्हीकडे तेच आहेत ना? नसतील तर व्हर्जन जुळूनही ओळी सरकतील.

धागाकर्ता:
उबंटूवर चाललं! फॉन्टचं खरंच लक्षात नव्हतं, पेनड्राइव्हवर घेतले. मिंट रविवारी पुसतो. त्यात गेल्या वर्षीच्या वर्गणीचा हिशेब आहे, तो आधी काढून घेतो, नाहीतर खजिनदारकाका मलाच पुसतील.