फोनवर सांगायचं की नाही?
नवरा पोस्टिंगवर असताना घरात काही बिघडलं तर त्याला सांगूच नये, उगाच घोर लागतो, असं बऱ्याच जणी म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. संकट चालू असताना नका सांगू, तो तिथून काय करणार? पण निस्तरल्यावर जरूर सांगा. नाहीतर सुट्टीवर आल्यावर भिंतीवरची ओल बघून "अजून काय काय लपवलंस?" सुरू होतं.

तो निघण्याआधी पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने फिरवून बघा. वर्षानुवर्षं न हलवलेला व्हॉल्व्ह जाम होतो, आणि पाइप फुटतो तो नेमका मध्यरात्री! व्हॉल्व्ह बंद केल्यावर सगळ्यात खालचा नळ सोडा, पाइपातलं उरलेलं पाणी तिकडून निघून जातं. वीज सारखी ट्रिप होत असेल तर सगळे एमसीबी (बोर्डावरचे एकेका लाइनचे छोटे स्विच) खाली पाडून मेन स्विच वर करा, मग एकेक चालू करा. ज्याने पुन्हा ट्रिप होईल त्या लाइनवर दोष. तेवढा बंद ठेवा, सकाळी इलेक्ट्रिशियन. (ओल्या हाताने नको, हे सांगायला हवं का?)

आणि मुखत्यारपत्र (त्याच्या वतीने सही करायचा अधिकार आपल्याला देणारा कागद) करून घ्याच. गाडी, बँक, भाडेकरार त्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर काउंटरवर आपल्याला कुणी विचारत नाही. नंतर सहीसाठी माणूस कुठून आणणार?