उंब्रिया: स्टेशन खाली, गाव वर (तुमचे अनुभव सांगा)

खिडकीसीट (धागाकर्ती)

मंडळी, फ्लॉरेन्स ते रोम हा प्रवास मी आत्तापर्यंत चारदा केलाय आणि चारही वेळा वाटेत उभ्या कातळावर बसलेलं एक गाव दिसलं की नवऱ्याला म्हणायचे, पुढच्या खेपेला इथे उतरू हं. ते ओर्विएतो. यंदा मे महिन्यात एकदाचे उतरलो. ठरवलं होतं एक रात्र, राहिलो सहा, दोन तिथे आणि चार पेरुजात.

तर हा धागा उंब्रियासाठी. टस्कनीच्या शेजारचा प्रांत, इटलीच्या बुटात जेवढा भाग येतो त्यातला एकमेव बिनसमुद्राचा. टस्कनीवर ढीगभर लिहून झालंय, इथे प्लीज नको.

माझं थोडक्यात. ओर्विएतोला स्टेशन खाली, गाव वर, मधे फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी चढाची छोटी रेल्वे). वर उतरलं की दोन मिनिटांवर सान पात्रित्सिओची विहीर. १५२७ ला रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून या कातळावर आला, आणि उद्या इथेही वेढा पडला तर पाण्याचं काय, या धसक्याने त्याने ही विहीर खोदायला घेतली. विहीर पुरी व्हायच्या आधी पोप गेला. ५३ मीटर खोल आणि जिने दोन, एकमेकांभोवती पिळ घातलेले, एका जिन्याने खेचरं रिकामी उतरायची, दुसऱ्याने पाणी लादून चढायची, समोरासमोर यायचा प्रश्नच नाही. आम्ही दोघं मुद्दाम वेगवेगळ्या खिडक्यांतून एकमेकांना हात करत उतरलो. २४८ पायऱ्या. सासूबाई (वय ७१) वरच बसते म्हणाल्या आणि दहा मिनिटांनी आमच्या मागे खाली हजर.

कॅथेड्रलचं कोणीतरी नीट लिहा, मी आपली त्याच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांकडे बघत आइस्क्रीम खात बसले होते.

मीठकमी

धागा काढल्याबद्दल आधी एक नमस्कार घ्या ताई. २०१२ मध्ये मी पेरुजात तीन महिने इटालियन शिकायला होते, तिथे परदेशी लोकांसाठी वेगळी युनिव्हर्सिटीच आहे. पहिल्या दिवशी घरमालकीणबाईंनी ब्रेड दिला तो आळणी. मला वाटलं विसरल्या. दुसऱ्या दिवशी बेकरीतून आणला, तोही आळणी. मग समजलं की हा इथला ब्रेडच असा.

का, तर १५४० मध्ये पोप तिसऱ्या पॉलने मिठावर कर वाढवला, पेरुजाने बंड केलं, हरले, आणि तेव्हापासून लोकांनी रुसून ब्रेडमधलं मीठच बंद केलं. असं गावात सगळे सांगतात. इतिहासवाल्यांना ही गोष्ट फारशी पटत नाही, पण आमच्या बाईंसमोर हे बोलायची सोय नव्हती, त्यांच्या चेहऱ्यावरून पोप मागच्याच आठवड्यात येऊन गेला असावा असं वाटायचं. बंड झालं हे मात्र खरं आणि त्याची शिक्षाही खरी. पोपने बाल्योनी या बड्या घराण्याची घरं, गल्ल्या, सगळं खाली गाडून त्यावर किल्ला बांधला, रोक्का पाओलिना. इटली एक होताना पोपची सत्ता गेली आणि लोकांनी तो किल्ला जवळजवळ सगळा पाडून टाकला. खालच्या गल्ल्या शिल्लक राहिल्या. आता त्यांच्यातून सरकते जिने जातात, म्हणजे खालून वर गावात यायला तुम्ही एस्केलेटरवर उभे आणि दोन्ही बाजूंना जुन्या घरांच्या भिंती, दारं, अंधारे बोळ. रोज क्लासला उशीर व्हायचा त्याला हेही एक कारण.

खाण्यात तोर्ता अल तेस्तो. नावात तोर्ता असलं तरी गोड नाही. तेस्तो म्हणजे जाड गोल तवा, त्यावर भाजलेली जाडजूड गव्हाची भाकरीच समजा, मधून चिरून आत भाजी नाहीतर सॉसेज. (यात मीठ असतं! विचारलं तर बाई म्हणाल्या, ते वेगळं.) मी एकदा ती हातानेच उलटली तर बाईंनी शेजारणीला बोलावून मला परत उलटायला लावली. तीन महिन्यांत इटालियनपेक्षा त्याचंच जास्त कौतुक झालं.

आणि हो, बाची चॉकलेटं इथलीच, १९२२ पासून. लुईझा स्पान्योलीची आयडिया. आधी नाव होतं काझ्झोत्तो, म्हणजे ठोसा, मग बदलून बाची, म्हणजे मुके. बरं झालं, दुकानात जाऊन ‘सहा ठोसे द्या’ कोण म्हणणार.

डोंगरवाट

गुब्बियोवर कोणीच नाही? मग मी.

१५ मे. संत उबाल्दोच्या पुण्यतिथीची आदली संध्याकाळ. सणाचं नाव चेरी, म्हणजे मेणबत्त्या, पण मेणबत्तीशी काही संबंध नाही, लाकडाचे तीन प्रचंड खांब असतात, प्रत्येक साधारण तीनशे किलोचा, टोकावर एकेक संत. उबाल्दो पिवळ्या शर्टवाल्यांचा, जॉर्ज निळ्यांचा, अँथनी काळ्यांचा. पिवळे मूळचे गवंडी, निळे व्यापारी आणि काळे शेतकरी. पांढऱ्या पँटी, कमरेला लाल पट्टा. दुपारी बारा वाजता चौकात खांब उभे करतात, तेव्हा त्यांच्यावर माठातलं पाणी ओतून माठ गर्दीत भिरकावतात आणि खापरीसाठी जी झुंबड उडते, बापरे, मी त्यात होतो, हाताला खरचटलं, खापरी मिळाली नाही. एका आजोबांना मिळाली, त्यांनी रुमालात बांधून खिशात ठेवली आणि आमच्याकडे असं बघितलं की बस्स.

संध्याकाळी हेच खांब खांद्यावर घेऊन आधी गावातून आणि मग इंजिनो डोंगरावर धावत जातात. धावत! पालखीसारखं चालत नाही. खांदेकरी पळता पळता बदलतात, दर थोड्या अंतरावर नवीन खांदा आत घुसतो, जुना बाहेर फेकला जातो. आता गंमत. शर्यतीचा क्रम ठरलेला, उबाल्दो पहिला, जॉर्ज दुसरा, अँथनी तिसरा, दरवर्षी. ओव्हरटेक नाहीच. मी शेजारच्या बाईंना विचारलं मग जिंकतं कोण, तर त्यांनी मला नीट समजावून सांगितलं आणि मला त्यातलं निम्मंच कळलं. पडायचं नाही, मागे रेंगाळायचं नाही आणि वर पोचल्यावर उबाल्दोवाल्यांनी देवळाचं दार जॉर्ज आत घुसायच्या आधी लावून घ्यायचं, हे साधलं तर साधलं. त्यावर मग वर्षभर भांडण. प्रांताच्या झेंड्यावर हेच तीन खांब आहेत, म्हणजे आख्ख्या उंब्रियाने ते आपले मानलेत.

दुसऱ्या दिवशी गाव रिकामं, सगळे झोपलेले. तेव्हा ‘वेड्यांच्या कारंज्या’ला तीन फेऱ्या मारून वेडा असल्याचं सर्टिफिकेट घ्या. ऑफिसात डेस्कमागे लावलंय, मॅनेजर काही बोलत नाही.

गुब्बियोला रेल्वे स्टेशन नाही. जवळचं फोस्सातो दी व्हीको, पुढे बस. त्या सणाला बसचा भरवसा धरू नका, मी दोन तास उन्हात बसलो होतो.

मसूरभात

शाकाहारी लोकांचं काय होतं तिकडे? नोव्हेंबरमध्ये जातोय.

मीठकमी

@मसूरभात, अवघड नाही पण डोळे उघडे ठेवा. डुकराच्या मांसाचा हा बालेकिल्ला, नॉर्चा गावावरून सगळ्या इटलीत त्या दुकानांना ‘नॉर्चिनेरिया’च म्हणतात. काळ्या ट्रफलचा (जमिनीखाली उगवणारी वासाची अळंबी) पास्ता मिळेल, स्त्रांगोत्सी विचारा, पण ट्रफलच्या सॉसमध्ये बऱ्याचदा अँकोव्ही मासे वाटून घातलेले असतात आणि दिसत नाहीत. आधी विचारायचं.

काळीमाती

नॉर्चाचं नाव निघालं म्हणून लिहितोय, नाहीतर मी नुसता वाचणाराच.

मी लातूरकडचा, किल्लारीपासून जवळचं गाव. १९९३ ला नऊ वर्षांचा होतो, विसर्जनाची रात्र, बाकी लिहीत नाही. २०१९ मध्ये कामासाठी रोमला होतो आणि एका इटालियन सहकाऱ्याने शनिवार-रविवार नॉर्चाला नेलं, त्याचं आजोळ. ३० ऑक्टोबर २०१६ ला तिथे ६.५ चा भूकंप झाला, सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी. आम्ही गेलो तेव्हा चौकात संत बेनेडिक्टचा पुतळा धड उभा आणि त्याच्या मागे त्याच्याच नावाच्या चर्चची नुसती दर्शनी भिंत, लोखंडी परांच्यांनी धरून ठेवलेली. बेनेडिक्टचा जन्म याच गावातला. भिंतीच्या मागे आभाळ.

मी सारखा विचारत होतो की किती माणसं गेली. तो म्हणाला, त्या दिवशी आमच्याकडे कोणी नाही. मला खरं वाटेना. ऑगस्टमध्ये मोठा धक्का बसला होता, मग २६ ऑक्टोबरला परत, त्यामुळे लोक घरात झोपतच नव्हते, गाड्यांत, तंबूत, नातेवाइकांकडे. शिवाय १८५९ च्या भूकंपानंतर पोपच्या सरकारने नियम केला होता की घरं दोन मजल्यांवर न्यायची नाहीत, म्हणून मूळ गाव बुटकं. आमच्याकडे मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती होत्या, उन्हाळ्यात गार राहायला उत्तम, आणि त्या पहाटे सगळं अंगावर. मी बराच वेळ त्या भिंतीसमोर उभा होतो, तो बिचारा माझ्यासाठी कॉफी घेऊन आला आणि काही न बोलता हातात दिली.

त्याची आजी गावाबाहेर लाकडाच्या तयार घरात राहत होती. छोटं, स्वच्छ, हीटर वगैरे होता. तिने विचारलं तुमच्याकडे काय मिळालं होतं. म्हटलं पत्र्याची शेड. ‘आणि किती वर्षं?’ हे तिने ज्या पद्धतीने विचारलं ना, ते फक्त त्यातून गेलेलं माणूसच विचारतं.

चर्च परत बांधून २०२५ च्या ऑक्टोबरअखेर उघडलं. सहकाऱ्याने व्हिडिओ पाठवला होता.

खिडकीसीट

काळीमाती, लिहिलंत ते बरं केलंत.

सत्तरीपार

असिसीचं मी लिहिते. ग्रुप टूर होती, कंपनीचं नाव नको, पण असिसीला आम्हाला दिले एक तास चाळीस मिनिटं, त्यात बाथरूमची रांग. मॅग्नेटच्या दुकानात मात्र अर्धा तास! शेवटी मी आणि माझी मैत्रीण ग्रुप सोडून थेट बॅसिलिकात, म्हणजे संत फ्रान्सिसच्या मोठ्या चर्चमध्ये, जाऊन बसलो.

वरच्या चर्चमध्ये संत फ्रान्सिसच्या आयुष्याची २८ चित्रं आहेत, जोत्तोची म्हणतात, त्यावर जाणकारांचे वाद आहेत ते असोत. पक्ष्यांना उपदेश करतानाचं चित्र बघून मैत्रीण म्हणाली, आपल्या संतांनी हा माणूस लगेच ओळखला असता. २६ सप्टेंबर १९९७ ला भूकंपात तिथलं छत कोसळून चारजण गेले आणि छतावरच्या चित्रांचे बारीक बारीक तुकडे झाले. ते ढिगाऱ्यातून वेचून, ओळखून, जमतील तितके परत बसवलेत. वर मधेमधे मोकळी जागा दिसते, ती तशीच ठेवलीय. मला ते फार आवडलं.

आणि त्याच गावात दुसऱ्या एका चर्चमध्ये काचेच्या शवपेटीत जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घातलेला मुलगा. कार्लो अकुतिस, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी गेला, २०२५ मध्ये संत झाला. कॉम्प्युटरवेडा होता म्हणे. समोरची रांग सगळी शाळकरी पोरांची. मला कसंतरीच झालं, नातू त्याच वयाचा आहे.

(ग्रुप गेला नव्हता. आमच्यासाठी थांबला होता आणि आम्हाला बोलणी बसली.)

कोकणकडा

माणगावचं कोणी आहे का इथे? माझं आजोळ तिथलं. गावात वीर यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, लहानपणी पुतळा म्हणजे एसटीतून उतरल्यावर दिसणारी एक गोष्ट, इतकंच माहीत होतं.

तर नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री, १० जुलै १९४४, वरच्या तायबर नदीचं खोरं. म्हणजे उंब्रिया. तुकडीवर अगदी जवळून मशीनगन चालली, यांच्याशिवाय सगळे मेले किंवा जखमी. हे एकटे धावत गेले, ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तिथेच गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

मोंतोने नावाच्या छोट्या गावात २०२३ मध्ये त्यांचं स्मारक झालं, सूर्यघड्याळ आहे. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली. आम्ही गाडी भाड्याने घेऊन गेलो, आईला घेऊन. गाव डोंगरावर, गाडी खाली लावून चढायचं, आई गुडघ्यांमुळे बडबडत वर आली. तिथे एक म्हातारे गृहस्थ कुत्रा फिरवत होते, त्यांनी विचारलं कुठून आलात. आईने मराठीतच सांगितलं, यांच्या गावचे आहोत. त्यांना काय कळलं माहीत नाही, त्यांनी टोपी काढली.

आईने पिशवीतून हळदीकुंकवाची पुडी काढली. ती तिने मुंबईपासून आणली होती, आम्हाला पत्ताच नव्हता.

बाकी सल्ला एकच. जुन्या गावांत गाडी घालू नका, बाहेरच्यांच्या गाड्यांना बंदी असते आणि कॅमेरे असतात. मला एका गावाचा दंड पाच महिन्यांनी घरी आला, आठ मिनिटं आत होतो.

धबधबा_फॅन

तेर्नीजवळचा मार्मोरे राहिला. १६५ मीटर, तीन टप्पे, आणि चक्क माणसाने केलेला! इ. स. पू. २७१ मध्ये रोमनांनी दलदलीचं पाणी काढायला कालवा खणून ते कड्यावरून सोडलं. आता पाणी वीजनिर्मितीला जातं, त्यामुळे धबधबा वेळापत्रकाने चालू-बंद होतो. आधी भोंगा, मग पाणी. आम्ही वेळ न बघता गेलो आणि ओल्या दगडांकडे बघत डबा खाल्ला.

मसूरभात

सगळ्यांना धन्यवाद, जाऊन आलो. कास्तेल्लुच्चोची मसूर आणली, नॉर्चाच्या वर पठारावर होते ती, जून-जुलैत शेतं फुलतात तेव्हा पठार रंगीत होतं, आम्हाला नोव्हेंबरात नुसतं धुकं दिसलं. दाणा एवढासा, किंमत विचारू नका. पाकिटावर लिहिलेलं की भिजवायची गरज नाही. बायको म्हणाली मसूर न भिजवता कशी होईल, रात्रभर भिजवली, कुकरला तीन शिट्ट्या काढल्या, उसळीची आमटी झाली. अर्धं पाकीट शिल्लक आहे, पुढच्या खेपेला मी करणार.