देशपांडे काकांचा फॉरवर्ड

देशपांडे काका (ए-३०२): सुप्रभात 🙏 'रोज ४० मिनिटे चाला, अल्झायमर कायमचा टाळा! अमेरिकन शास्त्रज्ञांनी सिद्ध केले.' ज्येष्ठांनी जरूर वाचावे.

साठे आजोबा (सी-१०४): गुडघे शास्त्रज्ञांना विचारत नाहीत.

पाटील, सेक्रेटरी: मृणाल, तू फिजिओ आहेस, खरं काय ते सांग बाई. हा मेसेज चौथ्यांदा आलाय.

मृणाल (बी-७०१): काका, 'कायमचा टाळा' हे कुणीतरी मागाहून चिकटवलंय. अभ्यास मात्र खरा आहे, २०११ चा. ५५ ते ८० वयाची १२० माणसं, डिमेन्शिया, म्हणजे वाढत जाणारा विसराळूपणाचा आजार (अल्झायमर त्यातलाच एक), कुणालाच नाही. निम्मी आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालली, निम्म्यांनी नुसतं स्ट्रेचिंग केलं. वर्षाने एमआरआयमध्ये चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग, सुमारे २ टक्के वाढलेला दिसला. दुसऱ्यांचा १.४ टक्के घटला होता. उतारवयात तो आक्रसतच जातो, म्हणून एवढा गाजावाजा.

देशपांडे काका: म्हणजे मी म्हणतोय तेच!

मृणाल: अर्धंच 😄 स्मरणशक्तीच्या चाचणीत दोन्ही गट सारखेच सुधारले. हे फॉरवर्डमध्ये कधी येत नाही.

साठे आजोबा: मग कशाला चालायचं?

मृणाल: बीपी आणि साखर आटोक्यात राहायला, आजोबा. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात त्या बऱ्याचदा हे दोन्ही वाढल्यामुळे. मला विचाराल तर चालण्याचा खरा फायदा इथे आहे. आणि २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने डिमेन्शियाचे बदलता येण्यासारखे १४ धोके सांगितलेत. त्यात व्यायाम नसणं आहेच, पण कमी ऐकू येण्याचा वाटा त्याहून मोठा. तुमचं कानाचं मशीन कुठंय?

साठे आजी: कपाटात. मी सांगून थकले.

साठे आजोबा: शिट्टी मारतं ते.

शिंदे वहिनी (बी-२०३): मृणाल, आमच्या सासूबाईंना तर डिमेन्शियाचं निदान झालंय. एक जण मेंदूसाठी म्हणून शरीराच्या व्यायामाचं महिन्याचं पॅकेज घ्या म्हणतोय, आठवण परत येईल म्हणे. घेऊ का?

मृणाल: नका घेऊ. ब्रिटनमध्ये सौम्य ते मध्यम डिमेन्शियाच्या ४९४ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला. चांगला घाम काढणारा व्यायाम करून घेतला होता. अंगातली ताकद वाढली, पण विसरणं काही मंदावलं नाही. तरी सासूबाईंना फिरवा जरूर, फक्त आठवणीच्या आशेवर नको. पाय चालते राहतात, भूक लागते, तुमचंही जरा घराबाहेर पडणं होतं. रोज तीच वेळ, तीच वाट. आणि खिशात नाव-फ्लॅट नंबरची चिठ्ठी.

शिंदे वहिनी: संध्याकाळ झाली की 'मला घरी जायचंय' सुरू होतं त्यांचं.

मृणाल: मग त्याआधी, चारच्या सुमारास न्या. ऊन असलं तर पोडियमवर.

कुलकर्णी काकू (ए-५०१): मी येईन सोबत. त्या मला अजून 'शाळेतल्या बाई' म्हणतात, मी बँकेत होते 😂

शिंदे वहिनी: या काकू, खूप बरं होईल 🙏

देशपांडे काका: आम्हा धडधाकटांना किती चालायचं ते तरी सांग.

मृणाल: आठवड्याला निदान १५० मिनिटं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग. पासष्टीपुढे तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायामही हवेत: ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं. पाटील काका, सी विंगमागचे पेव्हर उखडलेत, तिथे कुणीतरी आपटणार. डोक्याला मार हासुद्धा त्या १४ मधलाच.

पाटील, सेक्रेटरी: रविवारी पेव्हरवाला येतोय. तोवर त्या बाजूला कुंड्या आडव्या लावतो. स्कूटरवाल्यांनी हलवू नयेत.

साठे आजोबा: शिट्टीचं काय करायचं ते सांगितलं नाहीस.

मृणाल: बहुतेक वेळा मशीन कानात नीट बसलेलं नसतं, नाहीतर कानात मळ असतो. जिथून घेतलं तिथे दाखवा, बसवून देतील.

साठे आजी: उद्याच नेते.