शून्याखालच्या थंडीत ट्रक पहाटे सुरू होत नाही: दोष बॅटरीचा की आणखी कशाचा?

रात्रवाट (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २४ व्होल्टचा, सहा सिलिंडरचा डिझेल ट्रक आहे. गेल्या महिन्यापासून तो ज्या मार्गावर चालतो, तिथे पहाटे पारा शून्याखाली आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो. दिवसभर गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते. रात्रभर उघड्यावर उभी राहिली की मात्र पहाटे इंजिन दोन-तीन फेरे जड जड घेते, मध्येच अडखळते, डॅशबोर्डचे दिवे विझू विझू होतात आणि चार-पाच प्रयत्नांनंतर पांढरा धूर सोडत इंजिन कसेबसे चालू होते. दोन बॅटऱ्यांपैकी एक सहा महिन्यांपूर्वी नवीन बसवलेली आहे, दुसरी तीन वर्षांची आहे. इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४० आहे आणि इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या वाटेत, हीटर आहे. बॅटरीचा दुकानदार दोन्ही बॅटऱ्या बदलायला सांगतो, तर एक सहकारी ड्रायव्हर ईथरचा, म्हणजे चटकन पेटणाऱ्या द्रवाचा, स्प्रे मारण्याचा सल्ला देतो. यांपैकी काय करावे, आणि रात्री गाडी उभी करताना कोणती काळजी घ्यावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वायरिंगवाला (उत्तर)

बॅटरीसाठी एक पैसाही खर्च करण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. थंडीत बॅटरीवर दोन्ही बाजूंनी ओझे पडते. तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावल्यामुळे शून्याखाली १८ अंशांच्या सुमारास तिची ताकद साधारण निम्म्यावर येते, आणि नेमके त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट लागतो. त्यामुळे जो किरकोळ दोष उन्हाळ्यात लपून राहतो तो थंडीत उघडा पडतो. हा दोष बॅटरीतच असतो असे नाही.

सेल्फ मारताना आवाज नीट ऐका. इंजिन हळू फिरत असेल तर दोष बॅटरी, केबल, स्टार्टर किंवा ऑइल यांपैकी कशात तरी असतो. इंजिन जोमाने फिरते पण सायलेन्सरमधून धूरच येत नाही, तेव्हा डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. जोमाने फिरून पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही, म्हणून आधी हीटर तपासावा. तुमच्या वर्णनातला जडपणा पहिल्या प्रकारचा आहे. पांढरा धूर त्याचाच परिणाम असावा, कारण क्रँक हळू फिरला की दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत जिरते आणि डिझेल अर्धवट जळते.

आता मोजमाप. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, किल्ली फिरवण्यापूर्वी, प्रत्येक बॅटरीचे व्होल्टेज स्वतंत्रपणे घ्या. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण आणि १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. दोन्हींची बेरीज २५ आली म्हणून समाधान मानू नका, कारण एक भरलेली आणि एक अर्धी असली तरी बेरीज बरी दिसते. मग एकाला सेल्फ मारायला बसवून हेच आकडे पुन्हा घ्या. शेवटी मीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा. क्लॅम्पवर टेकवून चालणार नाही, शिशाच्या खांबावरच हवी. दुसरी सळई इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ चालू असताना किती व्होल्ट दिसतात ते पाहा. अर्धा व्होल्ट चालेल. त्याहून बरेच जास्त आले तर अर्थिंगच्या, म्हणजे करंट इंजिनाकडून बॅटरीकडे परत येण्याच्या, वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

डिझेलपंप (उत्तर)

वायरिंगवाल्यांचे म्हणणे पटते. मी ईथर आणि ऑइलपुरते लिहितो.

तुमच्या गाडीत इनटेक हीटर आहे, त्यामुळे ईथरचा विचारही करू नका. लालबुंद तापलेल्या हीटरवर ईथरची वाफ गेली की ती इनटेकमध्येच स्फोटासारखी पेटते. ग्लो प्लग (सिलिंडरमधली हवा तापवणारे प्लग) असलेल्या इंजिनालाही हाच धोका आहे. स्प्रेने गाडी चालू झाली तरी अवेळी पेटलेल्या ईथरचा दणका पिस्टन आणि रिंगांना बसतो. त्यापेक्षा किल्ली ऑन करून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावे. घाईत हेच अनेकदा राहून जाते.

ऑइलबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा म्हणजे थेट तापमान नव्हे, ती एक श्रेणी आहे. १५डब्ल्यू ऑइलची इंजिन फिरवण्याबाबतची चाचणी शून्याखाली २० अंशांना होते, १०डब्ल्यूची २५ अंशांना आणि ५डब्ल्यूची ३० अंशांना. म्हणजे दहा अंशांच्या थंडीत चांगले १५डब्ल्यू-४० ऑइल तुम्हाला अडवणार नाही. मात्र ते काजळीने दाट झालेले, मुदत उलटलेले असेल तर अडवू शकते. यापेक्षा थंड मार्गावर जायचे ठरले, तर इंजिनच्या पुस्तिकेत परवानगी आहे का ते पाहून ५डब्ल्यू-४० वापरा.

डिझेलमधले मेण थंडीत गोठू लागले की त्याचे बारीक स्फटिक फिल्टरला चिकटतात आणि इंजिन सुरू होऊन काही मिनिटांत बंद पडते. हिवाळी प्रतीचे डिझेल मिळत असेल तर तेच भरावे. मेण न साठण्याचे रसायन टाकायचे असेल तर डिझेल गढूळ होण्याआधी, टाकी भरताना टाकावे. एकदा मेण धरले की ते रसायन त्याला विरघळवत नाही. वॉटर सेपरेटरचे (डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याचे) पाणी मात्र रोज काढा, कारण त्याचा बर्फ झाला तर फिल्टर कितीही नवा असला तरी वाट बंद होते.

रात्रवाट

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे आज पहाटे शून्याखाली आठ अंशांना मोजमाप केले. जुन्या बॅटरीचे व्होल्टेज १२.६८ आले आणि नव्या बॅटरीचे १२.३१, जे पाहून मी चक्रावलो. सेल्फ मारताना जुनी ११.२ वर टिकली, नवी ९.४ पर्यंत खाली आली. निगेटिव्ह खांब ते इंजिन या दरम्यान १.९ व्होल्ट दिसले. एक सांगायचे राहिले होते: मोबाइल चार्जर आणि टेप यांची १२ व्होल्टची जोडणी वायरमनने एकाच बॅटरीवरून, म्हणजे चॅसीला जोडलेल्या नव्या बॅटरीवरून घेतलेली आहे. जुन्या बॅटरीला पाणी मात्र पूर्वीपेक्षा जास्त लागते.

वायरिंगवाला

तुमच्याकडे दोन स्वतंत्र दोष आहेत आणि दोन्हींचा बॅटरीच्या वयाशी संबंध नाही.

मालिकेत, म्हणजे एकीपुढे एक, जोडलेल्या बॅटऱ्यांतून अल्टरनेटरचा (इंजिनावर चालणाऱ्या, बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) एकच करंट जातो. एका बॅटरीवरून चार्जर आणि टेप चालवल्यामुळे ती रोज थोडी रिकामी होते, पण भरपाई दोघींना सारखीच मिळते. परिणामी नवी बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि जुनी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. ती पाणी जास्त पिते यामागे हेच कारण आहे. ती जोडणी काढून २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा, म्हणजे भार दोघींवर सारखा पडेल. दोन्ही बॅटऱ्या बाहेर काढून १२ व्होल्टच्या चार्जरवर एकेक करून, शक्यतो उबदार खोलीत, रात्रभर चार्ज करा. थंड बॅटरी चार्ज फारच सावकाश घेते, त्यामुळे गाडी पंधरा मिनिटे आयडलवर ठेवून तिची भरपाई होत नाही. चार्ज झाल्यावर नवी बॅटरी एक रात्र मोकळी ठेवून मोजा, १२.६ वर टिकली तर ठीक, नाही तर लोड टेस्ट (भार देऊन तपासणी) करून घ्या. बदलण्याची वेळ आलीच तर दोन्ही एकदम, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या घ्या. यापुढे बॅटऱ्या पूर्ण चार्ज ठेवायचे टाळू नका, कारण पूर्ण उतरलेल्या बॅटरीतले आम्लाचे पाणी शून्याखाली दहा अंशांच्या आसपास गोठते, तर भरलेल्या बॅटरीतले पन्नासच्या खालीही गोठत नाही. गोठलेल्या बॅटरीला चार्जर किंवा जंप केबल कधीही लावू नये, ती फुटू शकते. डिस्टिल्ड वॉटरही चार्जिंगच्या शेवटी घालावे. थंडीत वरून ओतून गाडी तशीच उभी केली तर ते आम्लात न मिसळता वरच गोठते.

दुसरा दोष त्या १.९ व्होल्टचा, आणि सुरुवातीचा जडपणा बहुतांशी याचाच. बॅटरी ते चॅसी आणि चॅसी ते इंजिन या दोन्ही अर्थिंग केबलची टोके खोलून पाहा. सेल्फ मारल्यावर लगेच हात लावलात तर जो सांधा कोमट लागेल, तोच चोर.

उंचवाट (उत्तर)

मुक्कामाच्या ठिकाणी विजेची सोय असेल तर इंजिन ब्लॉक हीटरचाही विचार करावा. कूलंट गरम राहिले की ऑइलही सैल राहते आणि बॅटरीचे काम निम्मे होते. तो रात्रभर चालवायची गरज नसते. निघण्यापूर्वी तीन-चार तास टायमरने चालवला तरी पुरतो. कूलंटचे मिश्रण निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी असेल तर ते शून्याखाली ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. शुद्ध ग्लायकॉल मात्र शून्याखाली बारा-तेरा अंशांनाच गोठते, म्हणून जास्त घातले म्हणजे जास्त चांगले हा हिशेब इथे चालत नाही.

सेल्फ पंधरा सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये दोन मिनिटे तरी थांबावे. नाही तर बॅटरीआधी स्टार्टर जळतो. क्लच दाबून सेल्फ मारल्यास गिअरबॉक्समधल्या घट्ट ऑइलचे ओझे इंजिनावर येत नाही. गाडी सुरू झाल्यावर तीन-चार मिनिटे रेस देऊ नका, टर्बोपर्यंत ऑइल पोहोचू द्या. एअर ब्रेकच्या टाक्यांचे पाणीही संध्याकाळीच काढून ठेवावे. त्याचा व्हॉल्व्हमध्ये बर्फ झाला तर इंजिन चालू असूनही गाडी जागची हलत नाही.

रात्रवाट

चॅसी ते इंजिन केबलचा इंजिनाकडचा सांधा खोलला. बोल्ट घट्टच होता, पण लगच्या (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली रंगाचा थर होता आणि तांब्याच्या तारांवर हिरवट भुकटी धरली होती. केबल नवीन टाकली, बसण्याची जागा घासून धातू चकचकीत केला आणि बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलिन लावले. त्यानंतरचे मोजमाप ०.३ व्होल्ट आले. चार्ज करून ठेवलेली नवी बॅटरी दुसऱ्या सकाळी १२.६५ वर टिकली, त्यामुळे दोन्ही तशाच परत बसवल्या आणि कन्व्हर्टर लावला.

आज पहाटे शून्याखाली नऊ अंश होते. हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबलो, क्लच दाबला आणि पहिल्याच सेल्फला इंजिन उचलले. पांढरा धूर अर्ध्या मिनिटात ओसरला. डिझेलपंप यांच्या सांगण्यावरून काल संध्याकाळी वॉटर सेपरेटरही उघडला होता, त्यातून जवळजवळ पेलाभर पाणी निघाले.